मंडळीनं मला फक्त प्रश्न विचारले

त्या रविवारी उपासना संपता संपता मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, मी माझी एक किडनी देणार आहे. असं काही बोलायचं ठरवून मी घरून निघाले नव्हते. पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला देवाविषयी साक्ष द्यायची आहे का?" आणि मी उभी आहे हे माझं मलाच उशिरा कळलं. लोणावळ्यातल्या आमच्या चर्चची मंडळी लहानशी आहे, सगळे एकमेकांना घरच्या नावांनी ओळखतात. माझं बोलणं संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शांतवनकाका, आमच्या पंचांमधले सर्वांत वडीलधारे, हात वर करून मोठ्यानं म्हणाले, "प्रभूची स्तुती असो!" त्या टाळ्या चालू असतानाच मी खाली बसले. मी बोलले ते मनापासूनचं होतं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं, की आता ते मागे घेता येणार नाही. मी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. गुडघ्यांवर हात ठेवून ते समोर बघत होते. सबंध चर्चमध्ये टाळ्या न वाजवणारे ते एकटे होते.

बाळूच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन दोन वर्षं होत आली होती. तो नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कंपनीत कामाला आहे. तिथंच खोली घेऊन बायको सुनीता, मुलगी आणि आमची आई यांच्यासह राहतो. आठवड्यातून दोनदा तळेगावला डायलिसिस, उरलेले दिवस जमेल तसं काम. त्याच्या चेहऱ्याला मातकट रंग आला होता. आता किडनी बदलणंच बरं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आधी सुनीता पुढे झाली, पण तिचा रक्तगट जुळला नाही. आईचं वय झालेलं. मग माझ्या तपासण्या झाल्या आणि माझं जुळलं. 'जुळलं' हा शब्द आमच्या घरात असा फिरला, की जणू कुणाचं लग्नच ठरलं. सुनीतानं पेढे आणले. आईचं माहेर आंदर मावळातलं. लग्नानंतर इतकी वर्षं देहूरोडला काढूनही तिची बोली बदललेली नाही. माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "तू थोरली. तुजं आन त्याचं रगत येकच. दुसरं कोन देनार हाय त्याला?" तो प्रश्न नव्हताच. मला कुणी विचारलंच नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. मलाही तोवर वाटलं नव्हतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. त्या साक्षीनंतर फळ्यावर लिहिता लिहिता माझा डावा हात आपोआप कुशीकडे जायचा. ऑपरेशनची भीती होतीच, पण तेवढीच असती तर मी ती देवापुढे ठेवू शकले असते. खरी भीती निराळी होती. हे मी प्रेमानं करते आहे, की नाही म्हणायचं बळ नाही म्हणून करते आहे, तेच मला समजत नव्हतं. प्रार्थनेला गुडघे टेकले की येणारे सगळे शब्द लोकांना ऐकवण्याजोगे असायचे. देवाशी एकटीनं बोलायला माझ्याजवळ एक वाक्य उरलं नव्हतं. घरात अबोला होता. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनांवर त्यांची सगळी नोकरी गेली. मुळात कमी बोलणारे. किडनी देणारी बाई असेल तर हॉस्पिटल तिच्या नवऱ्याची लेखी संमती मागतं. तो कागद त्यांनी वाचला, पुन्हा पाकिटात घातला आणि "मला वेळ दे" एवढंच म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी एके दिवशी शाळा सुटल्यावर मी पाळकांकडे गेले. ते वयानं माझ्या मुलासारखे, आमच्याकडे येऊन वर्षच झालेलं. त्यांनी स्वतः चहा टाकला. मी म्हटलं, "मंडळीनं प्रार्थना करावी आणि मला सांगावं, देऊ की नको. मंडळी म्हणेल ते मी देवाचं म्हणणं समजेन." मला वाटलं, ते लगेच होकार देतील. आमच्याकडे सगळे निर्णय असेच होतात. छोटी प्रार्थना होते, मग हात वर होतात, आणि ज्यांचे हात कमी पडले ते पुढचे दोन रविवार मागच्या बाकावर बसतात. पाळकांनी कप खाली ठेवला.

"बाई, मंडळीनं तर सांगितलंच की. टाळ्या वाजवून. त्यानं तुम्हाला शांती मिळाली का?"

मी मान हलवली. नाही म्हणताना डोळे भरून आले.

मग त्यांनी जे सुचवलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. थोडी माणसं बसतील. आधी आणि मध्ये शांतता. कुणी मला सल्ला द्यायचा नाही, वचनं ऐकवायची नाहीत, स्वतःच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही असे, की ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याला आधी माहीत नाही. देणं न देणं माझं. पण माझ्या निर्णयामागे मंडळीनं उभं राहायचं की नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. एकाच्याही मनाला शांती नसेल तर थांबायचं, पुन्हा बसायचं. "आणि तुमच्या मिस्टरांनाही बसायला सांगा," ते म्हणाले. मला वाटलं, हे काही यायचे नाहीत. मी विचारलं तेव्हा ते चपला झटकत होते. म्हणाले, "येतो."

नलिनीताईंच्या घरी, लोणावळ्यातच तुंगार्लीला, आम्ही पहिल्यांदा बसलो. नलिनीताई जन्मभर नर्स होत्या, आता एकट्या राहतात. बसणारे आम्ही पाच जण: पाळक, नलिनीताई, शांतवनकाका, हे आणि मी. रविवारची दुपार होती, खिडकीबाहेर धुकं, खालून धरणाकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. आत कुणी बोलत नव्हतं. इतक्या माणसांबरोबर इतकं गप्प बसायची मला सवय नव्हती. मी बोलायला लागले ती पुन्हा साक्ष दिल्यासारखीच. नलिनीताईंनी ती ऐकून घेतली आणि हळूच विचारलं, "हे सगळं सांगताना तुमचं पोट कसं आहे आत्ता?" मी म्हटलं, "आवळून आलंय." 

शांतवनकाकांना हा प्रकार पसंत नव्हता. ते खुर्चीच्या कडेला आले आणि म्हणाले, "यात विचारायचंय काय? प्रभूनं तर आपल्यासाठी प्राण दिला. आपण एक..."

"काका, प्रश्न," पाळक म्हणाले.

काका थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ऐंशीच्या घरातला माणूस, पंच म्हणून उभा जन्म सगळ्यांना सांगण्यात गेलेला. त्यांनी हातातली काठी टेकली. मला वाटलं, आता उठून जातील. पण ते उठले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांचा आवाज निराळाच होता.

"बाई, तुम्ही नाही म्हणालात, तर आमच्यातलं कोण तुमच्याशी बोलायचं सोडेल, असं तुम्हाला वाटतं?"

मला वाटतं, देव त्या खोलीत आला तो त्या प्रश्नातून. मी उत्तर शोधलं नाही, ते तोंडातून निघून गेलं. "तुम्ही, काका."

 काकांनी काठी खाली ठेवली, उठले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. सल्ला द्यायचा नाही हे त्यांच्या लक्षात होतं, म्हणून इतकंच म्हणाले, "नाही सोडणार." मग मी रडले. कुशीवरचा हात मी कधी काढला ते कळलंच नाही. पहिल्यांदाच मला नाही म्हणता येत होतं. आणि नाही म्हणता आलं तरच माझ्या 'हो'ला काही अर्थ होता.

निघताना पाळकांनी एक काम दिलं. पुढचे काही दिवस 'नाही' ठरलंय असं धरून राहायचं, मग तितकेच दिवस 'हो' ठरलंय असं धरून, आणि मन कुठं जातं ते देवापुढे बसून बघायचं. कुणाला काही सांगायचं नाही. 'नाही'चे दिवस सुरू झाले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी बाजारातून गवती चहाची जुडी आणि नवी चादर घेऊन आले. पण दोन दिवसांत तो हलकेपणा शिळा झाला. काही वाईट वाटत नव्हतं, कुणाचा राग नव्हता; फक्त प्रत्येक गोष्ट लांबून दिसत होती. 'हो'च्या दिवसांत भीती परत आली, अगदी पहिल्यासारखी. मात्र तिच्या खाली काहीतरी घट्ट होतं, पाय टेकावा असं. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता मी गात होते. ह्यांनी दारात येऊन ऐकलं आणि काही न बोलता परत गेले.

दुसऱ्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. प्रश्न थोडेच आले. नलिनीताईंनी विचारलं, "तुमच्या भावाला कुणी विचारलं का?"  डॉक्टरांना विचारलं होतं, आईनं मला गृहीत धरलं होतं, मी मंडळीला विचारत होते. आणि ज्याच्या शरीरात ती किडनी जायची, त्याला 'तुला हवी का' असं कुणीच विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी त्याला बोलवायचं ठरलं. मग हे खाकरले. ते बोलतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"मला प्रश्न नीट विचारता येत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुला माझी सही हवी, की माझी खुशी?"

मी म्हटलं, "खुशी."

"मग थांब. सही आत्ता देतो. खुशी अजून माझ्याजवळ नाही. ती मी देवाजवळ मागतोय."

पाळक म्हणाले, "मग आपण थांबू." आणि आम्ही थांबलो. लिहायला हे सोपं आहे. त्याच आठवड्यात बाळूला श्वास लागला, छातीत पाणी झालं, आणि त्याला भरती करावं लागलं. मी धावत तळेगावला गेले तर आई व्हरांड्यात बाकावर बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची मिटिंग कवा संपायची? त्यो हितं बुडाया लागलाय आन तुमी तितं डोळं मिटून बसताय."  तिचं चुकत नव्हतं. बाळू त्यातून सावरला, घरी आला. पण जिना उतरतानाही एकदा थांबू लागला. मी ह्यांना घाई केली नाही. आजवरच्या संसारात वेळ ही ह्यांनी माझ्याजवळ मागितलेली पहिली गोष्ट होती, ती तरी पुरी मिळायला हवी, असं मनात पक्कं बसलं होतं. पण चर्चच्या पायरीवर बसून मी देवाला म्हटलं, माझ्या हातात आता काहीच नाही. ना भाऊ, ना नवरा, ना मंडळी. तुला करायचं ते कर. किती आठवड्यांनी मी त्याच्याशी साधं बोलत होते!

त्यानंतरच्या डायलिसिसला सुनीताला ताप होता, म्हणून बाळूबरोबर हे गेले. संध्याकाळी घरी आले ते सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले आणि बोलू लागले. तिथं बाहेर एक मुसलमान गृहस्थ भेटले होते. टाकव्याच्या पुढच्या एका गावात त्यांचं किराणा दुकान आहे, शेजाऱ्याला डायलिसिससाठी घेऊन आले होते. टपरीवर चहा घेताना त्यांनी ह्यांना विचारलं, "कोन हाय तुमचं आत?" आणि ह्यांनी, जे घरात बोलत नाहीत, त्यांनी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. तेव्हा त्या गृहस्थांनी सदरा वर करून कुशीवरचा व्रण दाखवला. काही वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या थोरल्या भावाला किडनी दिलेली. "घरची महिनाभर बोलत नव्हती माज्याशी. दोष न्हाई तिचा. लय भ्याली हुती." भाऊ कसा आहे, असं ह्यांनी विचारलं. "दुकानात बसतो. रोज भांडतो माज्याशी. भांडायला जिता हाय, भाऊ, आनी काय पायजे?" असं म्हणून ते हसले. मग उठता उठता म्हणाले, "तुमच्या घरच्या एकट्या देनार न्हाईत. तुमी दोघं देनार. निम्मं भ्या तर तुमीच उचलताय की."

एवढं सांगून झालं, तरी ते पाटावरून उठेनात. मी पोळी तव्यावर टाकली, उलटली, काढली. ज्या रविवारी सगळ्या चर्चनं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्या दिवशी शेजारी बसलेल्या माणसाकडून काय मागितलं जातंय, हे आमच्यातल्या एकालाही दिसलं नव्हतं. मलाही नाही. ते दिसलं टाकव्याच्या पुढच्या एका दुकानदाराला, चहा निवेपर्यंतच्या वेळात. त्यांना आमच्याकडे कुणी पाठवलं, की शेजाऱ्याची पाळी त्या दिवशी आली म्हणून ते आले, याचा खल मी करत बसत नाही. त्यांचं नाव मला माहीत नाही, म्हणून रोजच्या प्रार्थनेत मी त्यांचं गाव घेते.

तिसऱ्या बैठकीला बाळू आला, आणि आईही. पाळकांनी आईला नियम समजावून सांगितले. ती म्हणाली, "म्या कायबी इचारत न्हाई, बसते निस्ती." बाळू भिंतीला टेकून बसला होता. नलिनीताईंनीच त्याला विचारलं, "तुम्हाला ताईची किडनी घ्यायची आहे का?"

तो सरळ होऊन बसला. मग म्हणाला, "न्हाई."

आईचा हात तोंडावर गेला. बाळू माझ्याकडे न बघता बोलत राहिला. "ताई, मी तुला एकदाबी मागितली का? जुळलं म्हनून सगळे नाचले, मी नाचलो का? तुला काय झालं तर मी कुठं तोंड दाखवू? आन काय झालं न्हाई तरी... मला रोज वाटंल, मी तुझ्यावर जगतोय. देनारा मोठा व्हतो. घेनाऱ्याचं काय?"

काकांनी विचारलं, "घेणं जड जातंय का रे?"

"लय," बाळू म्हणाला.

 मी काही बोलले असते तर सगळं बिघडलं असतं, हे मला कळत होतं. माझ्या आत भीती नव्हती, घाईही नव्हती. तो नाही म्हणाला तरी तो माझा भाऊच राहणार होता, आणि मी त्याची बहीण. देवाजवळ मी मूठ उघडून बसले होते. त्यानं त्यात ठेवावं किंवा त्यातलं न्यावं. तेवढ्यात माझ्या शेजारून ह्यांचा आवाज आला.

"बाळू, आम्ही दोघांनी दिली, तर घेशील का?"

बाळूनं मान वर केली. मीही ह्यांच्याकडे पाहिलं. चर्चमध्ये समोर बघत बसलेला तो चेहरा आता हसत होता. त्यांना खुशी मिळाली होती! मला वेगळं काही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ती त्या प्रश्नात उघड केली, आणि तीही माझ्यापाशी नव्हे, ज्याला तिची जास्त गरज होती त्याच्यापाशी. बाळू हुंदके देऊ लागला. लहानपणी रडायचा तसाच, खांदे उडवत. रडता रडता त्यानं हात पुढे केला, आणि तो माझ्याकडे नव्हता. त्यानं आपल्या दाजींचा हात धरला. म्हणाला, "घेतो, दाजी."

पाळकांनी एकेकाकडे पाहिलं. नलिनीताई म्हणाल्या, "माझ्या मनाला शांती आहे." काका म्हणाले, "आहे." ह्यांनी मान डोलावली. पाळकांनी आईकडे पाहिलं, बोलायचं नाही असं ठरवून आलेली माझी आई म्हणाली, "व्हय, व्हय, मलाबी हाय, आता उठा की!" आणि आम्ही सगळे मोठ्यानं हसलो. मग काकांनी गीत सुरू केलं. आमच्या काकांचा सूर कधीच लागत नाही, त्या दिवशीही लागला नाही. धुक्यातून खालच्या रस्त्यावर गेला असेल तो आवाज. मी कधी इतक्या मोकळ्या गळ्यानं गायले नव्हते.

त्यानंतर आमच्या मंडळीला कुणी थोपवू शकलं नाही. ज्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या सहलीवरून दोन तट पडायचे, तिथं न सांगता कामं वाटली गेली. कुणी आईजवळ राहायला गेलं, कुणी आमच्या घरची चूल सांभाळली, माझ्या वर्गातल्या एका पोराच्या आजीनं, मंडळीतली नसूनही, रोज ह्यांना भाकरी पोचवली. पुण्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या सकाळी मला स्ट्रेचरवरून नेताना व्हरांड्यात ओळखीचे इतके चेहरे होते, की वॉर्डबॉयनं विचारलं, "मावशी, तुम्ही नगरसेविका आहात काय?" बाळूला शेजारच्या दारातून नेत होते. त्यानं हात वर केला. मीही केला.

शुद्धीवर येताना आधी वेदना आली, मग तहान, मग ह्यांचा चेहरा. ते माझ्यावर वाकून सारखं एकच सांगत होते. मला काही उमगेना.

"सुरू झाली! अगं, सुरू झाली!"

"काय?"

"लघवी! बाळूची! तिथंच, टेबलावरच! डॉक्टर म्हणाले, जोडली आणि लगेच धार लागली!"

मागाहून कळलं, की डॉक्टरांनी बाहेर येऊन ही बातमी दिली तेव्हा शांतवनकाका, ज्यांनी आयुष्यात चारचौघांत असा शब्द उच्चारला नव्हता, काठी वर करून व्हरांडाभर ओरडले, "लघवी झाली! हालेलुया!" सिक्युरिटीचा माणूस धावत आला. काकांनी त्यालाच मिठी मारली. मी पडल्या पडल्या हसत होते, टाके दुखत होते आणि हसू थांबत नव्हतं. देवाच्या महिम्याची किती गीतं मी गायले आहे. पण तो महिमा मला त्या दिवशीच्या बातमीइतका खरा कधी वाटला नव्हता.

आता मी पुन्हा फळ्यासमोर उभी असते. बाळू कामावर जातो. आमची मंडळी अजून हात वर करून काही गोष्टी ठरवते, पण जे खरोखर अवघड असतं त्यासाठी आता आम्ही बसतो. कधी लवकर उलगडतं, कधी उलगडत नाही, तेव्हा थांबतो. मी पूर्वी समजत होते, की समर्पण म्हणजे देवाला पटकन हो म्हणणं. त्या खोलीत मला कळलं, की त्याला माझ्या 'हो'ची इतकी घाई नव्हती. आधी त्यानं मला सोडवलं. मग माझ्या नवऱ्याची वाट पाहिली. मग माझ्या भावाचा हात उघडेपर्यंत थांबला. आम्हा एकेकाला जे एकट्याला सोडता येत नव्हतं ते सगळ्यांनी मिळून सोडलं, तेव्हा त्यानं ते घेतलं आणि किती भरभरून परत दिलं! त्याचे आभार मानायला मी आता शब्द शोधत नाही. सकाळी उठते, कुशीवर हात ठेवते, आणि ते आभार होतात.

डॉक्टरांनी गर्दीत जायची परवानगी दिल्यावर पहिल्या रविवारी बाळू लोणावळ्याला उपकारस्तुतीच्या उपासनेला आला, तोंडाला मास्क लावून. पाळकांनी साक्षीसाठी बोलावलं तर तो पुढे जाऊन नुसता उभा राहिला. दोन वर्षं त्याला पाणी मोजूनमापून मिळत होतं. घसा कोरडा पडला तरी घोटभरावर थांबावं लागायचं, आणि आता डॉक्टर त्यालाच सारखं पाणी प्यायला सांगत होते. काका उठले, घरून आणलेला पाण्याचा तांब्या त्यांनी बाळूच्या हातात दिला. बाळूनं मास्क खाली केला आणि सगळ्यांसमोर पाणी प्यायला लागला. चर्चमध्ये दुसरा आवाज नव्हता, फक्त त्याच्या घशाचा. तांब्या रिकामा झाला तेव्हा त्यानं तो उलटा करून दाखवला, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छपरावरची कबुतरं उडाली. ह्या वेळी सर्वांत आधी टाळी वाजली ती माझ्या शेजारून. आणि त्या गलक्यावरून पहिल्या बाकावरच्या आईचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"अजून पी रं बाळा. लय हाय पानी."